पाणी उतरलं की पुढचं प्रकरण

भुतांच्या कादंबऱ्या लिहिणारा माणूस दिवेलागणीला दाराला आतून कडी घालतो, उशाखाली अडकित्ता ठेवतो आणि डोक्यावरून पांघरूण ओढून पहाटेपर्यंत हूं की चूं करत नाही, हे मला लग्न होऊन भोरला आल्यावर कळलं. माझा अगदी विरस झाला. सासरच्या पडवीतल्या खोलीत एक कादंबरीकार भाड्यानं राहतात, आणि तेही भुताखेतांचे, ही बातमी लग्न ठरतानाच माझ्या कानावर आली होती. नवरा मुलगा कसा आहे हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. बिऱ्हाडकरू कसे आहेत ते मात्र मी मामीला खोदून खोदून विचारलं. सतरा वर्षांची होते, मराठी पाचवी पास होते, आणि शाळेतल्या एकुलत्या एका कपाटातली सगळी पुस्तकं माझी वाचून झाली होती. म्हणजे स्वतःला काय समजत असेन ते बघा.

माझं माहेर वेल्ह्याकडचं, डोंगरातलं. सासरी आल्याच्या पहिल्या आठवड्यात मी सासूबाईंना ऐटीत सांगितलं, "आमच्याकडं भुतं गुरांसारखी नावानिशी ओळखतात."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग येताना एखादं दुभतं आनायचं व्हतं."

त्या कादंबरीकारांना सगळं भोर 'भुतांचे मास्तर' म्हणे. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. सकाळी कचेरीसमोर पिंपळाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, ते त्यांचं पोटापाण्याचं काम. चाळिशी उलटलेली, उंच, जरा पोक काढून चालणारे. वैशाखातसुद्धा काळा कोट गळ्यापर्यंत बंद. पायात चांभाराकडून तिहेरी तळ घालून घेतलेल्या वहाणा, विटेएवढ्या जाड. पाऊल टाकण्याआधी ती वहाण पुढं सरकवून जमीन चाचपायचे, जणू माणूस पाण्यातून चालला आहे. बोलणं मात्र छापल्यासारखं. 'करितो', 'जातो', 'असो'. खेड्यात जन्मलेला माणूस असं बोलतो याचं मला कोण कौतुक. मीही तसं बोलायला गेले. सासऱ्यांना म्हणाले, "भाकरी वाढिते." ते दचकून सासूबाईंकडं बघायला लागले.

त्यांच्या छापून आलेल्या कादंबऱ्या पिवळ्या कागदाच्या, बोटभर जाडीच्या. पुण्याहून मोटारीनं गठ्ठा कापूरहोळला उतरायचा आणि तिथून बैलगाडीनं भोरला यायचा. प्रत्येकीच्या वेष्टनावर मनगटापासून तुटलेला एक हात. छापखानेवाल्याकडं चित्राचा ठसा तेवढा एकच होता. "म्हणून मला प्रत्येक गोष्टीच्या शेवटी कुणाचा तरी हात तोडावा लागतो," मास्तर मला खिन्नपणे म्हणाले होते. "एका कादंबरीत तर खुनी सापडला, फाशी गेला, सगळे सुखी झाले. तरी शेवटच्या पानावर स्वयंपाकिणीचा हात तोडला. काय करितो."

मी ती कादंबरी चार वेळा वाचली होती. स्वयंपाकिणीच्या हातात मला खोल अर्थ दिसला होता.

पण या पिवळ्या कादंबऱ्या म्हणजे त्यांचं खरं काम नव्हतं. खरं काम एकच होतं, आणि ते मी यायच्या आधीपासून चाललं होतं. त्याची खबर फळ्यावर यायची.

शाळेनं मोडीत काढलेला एक फळा मास्तरांनी आणला होता. बाजाराच्या दिवशी सकाळी तो आमच्या ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून ठेवायचे. वर लिहिलेलं असायचं 'प्रगती', खाली 'वाचावे'. प्रगती म्हणजे कादंबरी कुठवर आली ते. वाचावे म्हणजे लोकांनी या आठवड्यात काय वाचावं ते.

वाचावे : वाचनालयातील चोराची कादंबरी. शेवटची पाने कुणी फाडली आहेत, त्यामुळे अधिक चांगली झाली आहे.

वाचावे : यंदाच्या पंचांगातील पर्जन्याचा अंदाज. इतके उत्तम कल्पित बरेच दिवसांत वाचले नव्हते.

वाचावे : पाकशास्त्राचे पुस्तक, वांग्याचे प्रकरण. लेखिकेच्या मनात कुणाचा तरी काटा काढावयाचा आहे.

मी ही पुस्तकं खरोखर मिळवून वाचायची. वांग्याचं प्रकरण वाचून मला धडधडायला लागलं आणि आठवडाभर मी सासूबाईंच्या हातचं वांगं खाल्लं नाही. सासूबाईंना वाटलं, मला दिवस गेले.

बाजाराला येणाऱ्या निम्म्या लोकांना वाचता येत नसे. त्यांना उंबऱ्याच्या आतून फळा वाचून दाखवायचं काम मी आपण होऊन घेतलं. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की 'प्रगती' ऐकायला थांबतात ती माणसं एकाच खोऱ्यातली आहेत. धरण पहिल्यांदा पुरतं भरलं ते माझ्या लग्नाआधी दहाएक वर्षं. नदीकाठची गावं उठली, वर माळावर जाऊन बसली. मास्तरांचं गाव त्यातलंच. आणि मोठी कादंबरी होती ती त्या बुडालेल्या गावाची.

लिहायची त्यांची तऱ्हा अशी : दर उन्हाळ्यात पाणी उतरायला लागलं की बुडालेल्या घरांची जोती वर यायची. कडेचं आधी, मग त्याच्या खालचं. जे जोतं उघडं पडेल त्यावर मास्तर जाऊन बसायचे, संध्याकाळच्या आत परत यायचे, आणि त्या घराचं प्रकरण लिहायचे. जे घर पाण्याखाली, ते कादंबरीच्याही बाहेर. पाऊस कमी झालेल्या वर्षी कादंबरी झपाट्यानं पुढं सरके. पाऊस चांगला झाला की बाजार खूश आणि मास्तर सुतकात.

प्रगती : पाणी सुताराच्या जोत्याशी थांबले. कादंबरीही.

ओट्यापाशी मग अशी बोलणी चालत :

"मास्तर, आमचं घर आलं का?"

"तुमची पायरी आली आहे. घर पुढील वर्षी, पाणी उतरले तर."

"म्हशीचं नाव घाला बरं का. चांदी."

"घातले आहे."

"आन ती बाई आमच्या घरात कवा येती?"

त्या बाईसाठी तर माझा जीव टांगलेला. कादंबरीत एक बाई होती. नदीच्या अगदी कडेच्या, सगळ्यांत खालच्या घरात ती पाण्याखाली बसून दळते. वर माळावर शांत दुपारी जात्याची घरघर ऐकू येते. ज्याला ती ऐकू येईल तो हातातलं काम टाकून उठतो आणि पाण्यात चालायला लागतो. एकेका प्रकरणात एकेक घर असं पाण्यात जातं. पण ती बाई कशी दिसते, का दळते, कुणावर रागावली आहे, ते काही केल्या येईना.

"मास्तर, भूत केव्हा येणार?" मी दर आठवड्याला विचारायची.

"ती घरातच आहे, सूनबाई. आपण अजून दारापर्यंत गेलो नाही."

बारा वाजले की मास्तर परसात भर उन्हात पाट मांडून, सासूबाईंच्या तांब्याच्या घंगाळात पाणी भरून त्यात पाय सोडून लिहायला बसायचे. डोक्यावर छत्री बांधलेली. "पाण्यातल्या माणसांविषयी लिहावयाचे तर पाय कोरडे ठेवून भागत नाही." सासूबाई हिशेबी, पण घंगाळाबद्दल कधी बोलल्या नाहीत. धरणातला मासा मास्तर खात नसत. आमच्याकडं मरळ शिजली तर ताट बाजूला सारायचे. "काय खाऊन मोठा झाला आहे, कुणास ठाऊक." मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते माहेरी जाऊन सांगितलं. माझ्या भावानं त्या दिवशी कोंबडीबद्दलही तेच म्हटलं आणि मार खाल्ला.

पाण्यावरून ज्ञानबाशी मास्तरांचा एकदा खटका उडाला. ज्ञानबा त्यांच्याच गावचा, त्यांच्याच वयाचा. पाणी उतरलं की मागं राहिलेल्या गाळात काकड्या-कलिंगडं लावायचा, वर माळावर नाचणीचा तुकडा. त्या वर्षी पाऊस ओढ धरून बसला होता आणि फळ्यावर मास्तरांनी लिहिलं होतं, 'हवामान लेखनास अनुकूल'. मी ते मोठ्यानं वाचलं. ज्ञानबा पायरी चढून वर आला.

"मास्तर, तुमच्या पुस्तकापायी आमी उपाशी मरायचं व्हय?"

मास्तरांनी फळ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "नाही, ज्ञानबा. तुम्ही जेवा. पुस्तक थांबेल." आणि हातानंच ती ओळ पुसली. काळ्या कोटाची बाही पांढरी झाली ती दिवसभर तशीच.

आमच्या घरात एक चमत्कारिक नियम होता. तेव्हा बायका पहाटे उठून दळायच्या. दिवस वर आल्यावर दळण म्हणजे आळशाचं घर. आमच्याकडं मात्र मास्तर कचेरीकडं गेल्यावर, उन्हं अंगणात आली की जातं फिरायचं. मास्तर घरात असताना नाही. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मी त्यांना ठसक्यात सांगायची, "लेखकांना शांतता लागते."

एकदा कामथडीहून सासूबाईंची नणंद, आत्याबाई आल्या. येताना हरभऱ्याची डाळ घेऊन आल्या होत्या. सासूबाई नदीवर धुणं घेऊन गेलेल्या. आत्याबाईंना नियम काय ठाऊक. दुपारची जेवणं झाली तशी त्यांनी जात्यापुढं पाय पसरले आणि डाळ घातली. मी माजघरात चोराची कादंबरी वाचत पडले होते.

परसात घंगाळ कलंडल्याचा आवाज झाला. मग दारात मास्तर. कोटाची बटणं उघडी, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, अनवाणी. चौकटीला हात लावून उभे राहिले. 

"कोण दळतंय?"

आत्याबाई घाबरल्या. "मी बाई, कामथडीची. का वो?"

मास्तरांनी त्यांच्याकडं नीट बघितलं. चेहरा, मग हात, मग खुंटा. "माफ करा," म्हणाले, आणि ओल्या पावलांनी परत गेले. त्या दिवशी खोलीचं दार उन्हं असतानाच बंद झालं.

आणि मी काय केलं असेल? मी भारावून गेले. स्वतःच्याच कल्पनेला स्वतः असा घाबरतो, केवढा हा लेखक, असं मला वाटलं. सासूबाई नदीवरून आल्या तशी मी त्यांना डोळे मोठे करून सगळं सांगितलं, वर दोन-चार वाक्यं पदरची घातली. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली.

"बस हितं," म्हणाल्या.

सासूबाईंचं माहेर त्याच खोऱ्यातलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, नुसतं मला सांगायची गरज वाटली नव्हती.

गाव उठलं तेव्हा लोकांनी घरं मोडून नेली. दारं, तुळया, कौलं, देव, तुळस. मास्तरांची आई विधवा, घरात मायलेक दोघंच. सगळं वर आलं, जातं तेवढं राहिलं, कारण त्याचा खालचा दगड भुईत बसवलेला. मास्तर म्हणाले, दुसरं घेऊ, बाजारात मिळतं. आई म्हणाली, माझ्या आईनं दिलेलं जातं हाय, त्याचा वरला दगड तरी आनीन. दोन दिवस हीच कटकट. पाणी रोज बोटबोट चढत होतं. तिसऱ्या दिवशी मास्तर छप्पर शाकारत होते आणि आई पुन्हा म्हणाली, जाऊन येते.

"तवा मास्तर बोलले तिला," सासूबाई म्हणाल्या. "म्हनले, जा मग, ऱ्हा तितंच दळत."

ती गेली. वर डोंगरात पाऊस झाला, ओढ्याला लोंढा आला, खालून धरणाचं पाणी चढलेलं. आई परत आली नाही. कुणी म्हणालं, बहिणीकडं गेली असेल रागानं. कुणी म्हणालं, एका जत्रेत दिसली. अंग सापडलं नाही.

"रागानं तितंच बसली, का येत व्हती, ह्ये कुनाला ठावं?" सासूबाई म्हणाल्या. "त्येवढंच हाय त्येंचं पुस्तक. बाकी समदी घरं वाटंतली."

मी उठून धुणं वाळत घातलं. पण सतरा वर्षांचं डोकं. त्या रात्री झोपताना माझ्या मनात काय आलं ते सांगते : म्हणजे शेवट फारच भयंकर होणार.

*

पाऊस तोंडदेखला झालेलं एक साल आलं. पुढच्या उन्हाळ्यात पाणी मागं मागं हटत गेलं. फळ्यावरची प्रगती दर बाजाराला बदलत होती. सुतार झाला, गुरव झाला, चांदी म्हशीचा गोठा झाला. लोकांच्या घरात दाणा नव्हता, पण आपलं घर आलं म्हणून चेहऱ्यावर जरा उजेड यायचा. मग चैत्रात ज्ञानबा फळ्यापाशी आला, आणि मी वाचायच्या आधीच मास्तरांना म्हणाला, "मास्तर, तुमचं जोतं दिसाया लागलं."

मास्तर म्हणाले, "बरे."

गेले नाहीत. पुढच्या पाच-सहा बाजारांनाही गेले नाहीत. दुपारी घंगाळात पाय सोडून बसायचे आणि टाक हातात नसायचा. फळ्यावर 'प्रगती'च्या पुढं काही नाही, 'वाचावे'च्या पुढंही नाही. आपल्या दारापर्यंत जायला ज्यानं इतकी वर्षं वाट बघितली, तो आता पाणी पुन्हा चढायची वाट बघत होता की काय कोण जाणे. शेवटी एका सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"काकू, माझ्याबरोबर याल? एकट्याने जाववत नाही."

सासूबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "चला."

मीही निघाले. कोण नको म्हणतंय ते बघायलाही थांबले नाही. कंबरेला कागद आणि पेन्सिल खोचली होती. भूत दिसलं तर तिथल्या तिथं उतरून घ्यावं, मास्तरांना उपयोगी पडेल, असा माझा परोपकारी विचार.

ज्ञानबाची गाडी माळापर्यंत गेली. तिथून उतरण. मी आयुष्यात एवढी उदास जागा बघितली नाही, आणि मी आता पुष्कळ स्मशानं बघितली आहेत. सगळीकडं भेगाळलेला करडा गाळ, त्यात शिंपल्यांचे तुकडे, बाभळींचे काळे बुंधे. मध्ये दगडी देऊळ, गाळानं गळ्यापर्यंत भरलेलं. वारा नाही, पाखरू नाही. ओढ्यात घोट्याएवढी धार होती, तिच्यात पाय ठेवायला दगड. मास्तर पुढं, वहाणा सरकवत. त्यांना तो ओढा पाठ होता. दर उन्हाळी त्याच दगडांवरून ते गावात जायचे. मागून आम्ही.

एकेक जोतं येत होतं आणि मास्तर न थांबता सांगत होते. सुतार. गुरव. हा गोठा. मी त्यांची प्रकरणं वाचली होती, त्यामुळं मला प्रत्येक ठिकाणी माणूस उठून पाण्याकडं चालताना दिसत होता. आता पाणी लांब, खाली, ताटलीसारखं चमकत होतं.

सगळ्यांत शेवटचं जोतं. निम्म्यावर काकडीचे वेल पसरलेले.

ज्ञानबा ओशाळला. "मास्तर, मला ठावं नव्हतं कुठवर हाय ते. गाळ चांगला हाय हितं."

"असू दे."

दार होतं त्या जागेसमोर मास्तर थांबले. नुसती एक दगडी पायरी होती, उंबरासुद्धा नाही. त्यांनी वाकून वहाणा काढल्या, नीट शेजारी शेजारी ठेवल्या, आणि आत गेले. आपल्या घरात शिरताना काढतात तशा.

आत म्हणजे काय, आकाशाखाली. मागच्या कोपऱ्याशी जाऊन बोट दाखवलं. ज्ञानबानं खुरप्यानं गाळ उकरायला घेतला, सासूबाईंनी हातानं. मी कागद-पेन्सिल काढून उभी. हातभर खाली दगड लागला. सासूबाईंनी पदरानं पुसला. जात्याचा खालचा दगड, भुईत तसाच बसलेला, मधल्या भोकात चिखल.

वरचा दगड नव्हता.

 मास्तर उकिडवे बसले आणि त्या दगडावर तळवा ठेवला.

"आजूबाजूला बघू," ज्ञानबा म्हणाला, आणि पुष्कळ उकरलं. स्वतःचे वेलही उपटले. काही नाही.

"म्हणजे कुणी नेला असेल," मी म्हणाले. मला गप्प बसवत नसे.

"सूनबाई," मास्तर म्हणाले, "गाव उठल्यावर इथे दुसरे कोण येणार होते?" आवाज अगदी थकलेला. "तिने काढला. पण काढून पुढे काय केले? उराशी धरून इथेच बसली असेल, तर?"

 ऊन उतरायला लागलं होतं आणि मास्तरांना दिवे लागायच्या आत परतायचं असायचं. निघालो. त्यांच्या वहाणा पायरीशी राहिल्या. माझ्या ध्यानात आलं होतं, पण मला वाटलं, लेखक आहेत, मुद्दाम ठेवल्या असतील.

ओढ्याशी आलो. मास्तर पुढं. पहिल्या दगडावर पाय, मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर पाय ठेवला आणि थांबले. मी मागं थांबले, सासूबाई माझ्या मागं. मास्तर एका पायावर तसेच उभे, आणि तळपाय त्या दगडावर हळूहळू फिरवत होते.

"काय वो मास्तर?" ज्ञानबा म्हणाला. "शिंपला लागला?"

मास्तर पाण्यात उतरले. गुडघे टेकून बसले, काळ्या कोटासकट. दोन्ही हातांनी त्या दगडावरचं शेवाळ खरवडायला लागले. खालून बारीक टाके दिसले, पाथरवट जात्याला लावतो तसे. मध्ये चिखलानं बुजलेलं भोक. जात्याचा वरचा दगड, उताणा पडलेला.

दर उन्हाळी याच दगडावर पाय देऊन ते गावात जात होते. जाड वहाणांना टाके लागत नाहीत.

"उचलला व्हता तिनं," मास्तर म्हणाले. छापल्यासारखं बोलणारे मास्तर असं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "ज्ञानबा, ओढ्यापत्तुर आली व्हती. येत व्हती."

"व्हय," ज्ञानबा म्हणाला. "येतच व्हती, गड्या."

"रागावून बसली न्हाई."

"न्हाई."

सासूबाई पाण्यात उतरल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. वरच्या डोंगराकडं बघत होत्या, लोंढा आला होता तिकडं. एवढा दगड डोक्यावर घेतलेली बाई धावू शकत नाही, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. 

ज्ञानबानं आणि मास्तरांनी दगड ओढून काठावर घेतला. ज्ञानबा म्हणाला, माळापर्यंत मी नेतो, तिथून गाडीत टाकू. मास्तरांनी मान हलवली. खांद्यावरचं उपरणं सासूबाईंच्या हातात दिलं. सासूबाई काही न विचारता त्याची चुंबळ वळायला लागल्या. दोघांनी मिळून दगड मास्तरांच्या डोक्यावर चढवला. मान खाली दबली. मग ते चढायला लागले, अनवाणी, जमीन न चाचपता.

गाव उठलं त्या वर्षी छप्पर शाकारलेलं ते झोपडं माळावर कधीच पडून गेलं होतं. चार मेढी तेवढ्या उभ्या. तिथं, चूल होती त्या जागेशी, मास्तरांनी दगड खाली ठेवला. अंधार पडायला लागला होता. पहिल्यांदाच त्यांनी घाई केली नाही.

परतताना गाडीत मी सासूबाईंच्या कानाशी लागले. म्हणाले, "पण भूत आलंच नाही."

सासूबाईंनी माझ्या कंबरेचा कागद काढून घेतला, त्यानं हाताचा चिखल पुसला आणि मला परत दिला.

*

कादंबरी छापली गेली नाही. छापखानेवाल्यानं दोनदा निरोप पाठवला. जात्यातून एक हात बाहेर आला तर वेष्टनाचीही सोय होईल, असं त्याचं म्हणणं. मास्तरांनी सांगून पाठवलं, की बाई घरात नाही, नसलेल्या बाईवर एवढी पानं कशी छापायची. पुढं जितकी वर्षं ते आमच्याकडं राहिले तितकी वर्षं अर्ज लिहिले, बाकी काही नाही. घंगाळ सासूबाईंना परत मिळालं. अडकित्ता उशाखालून निघून सासऱ्यांच्या पानदानात आला. आणि एक दिवस चहाचा पेला खाली ठेवता ठेवता मास्तर म्हणाले, "काकू, पहाटे दळत जा. लोक हसतात तुम्हाला."

मी मात्र पुष्कळ दिवस फुगून होते. एवढी वाट पाहायला लावून शेवट काय, तर एक म्हातारी घरी यायला निघाली होती. त्यात भयंकर ते काय? आता माझ्या मुलांना घरी यायला उशीर झाला की मी ओट्यावर येऊन बसते, आणि त्यात भयंकर काय ते मला चांगलं कळतं.

त्या जोत्यावरून आलो त्याच्या पुढच्या बाजाराच्या दिवशी फळा नेहमीपेक्षा लवकर बाहेर आला. खोऱ्यातली माणसं जमली. ज्ञानबाही होता. लोकांनी मला हाक मारली आणि मी उंबऱ्याच्या आतून वाचलं :

प्रगती : आई पोचली.

"वाचावे?" कुणीतरी विचारलं.

'वाचावे' हा शब्दच पुसला होता. त्या जागी लिहिलं होतं, यंदा पाऊस चांगला व्हावा.

"परत वाच, पोरी," ज्ञानबा म्हणाला. मी परत वाचलं. आपलं घर आलं का, असं त्या दिवशी कुणीच विचारलं नाही. माणसं जरा वेळ उभी राहिली आणि बाजारात पांगली.

ज्ञानबानं पिशवीतून एक काकडी काढून फळ्याखाली ठेवली. "त्येंच्या सैपाकघरातली हाय," म्हणाला. "एवढीच वाचली. बाकी येल आमी उपाटलं."

धरणातला मासा ताटाला लागू न देणारे मास्तर बाहेर आले. काकडी उचलून हातात फिरवली. सासूबाई दारातून म्हणाल्या, "मीठ देऊ?"

"द्या."

उभ्याउभ्याच खाल्ली, सबंध. ज्ञानबा त्यांच्या तोंडाकडं बघत होता.

"कडू हाय का?"

"देठाला थोडी," मास्तर म्हणाले. "बाकी गोड हाय."